४८ हजारांत वर्षभर वाचनालय : गावच्या ग्रंथालयाला अनुदान किती मिळतं, कशावर खर्च होतं आणि अडतं कुठं?

बुलढाणा : "आपल्या गावच्या वाचनालयाले सरकार पैसे देते, मंग कुलूप काऊन असते?" जिल्ह्यातल्या कोणत्याही पारावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. दारावर 'शासनमान्य' अशी पाटी, पाटीखाली नोंदणी क्रमांक, आणि कडीला गंजलेलं कुलूप. मग गावात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं संचालकांनी पैसे खाल्ले, कुणी म्हणतं सरकारनं पाठवलेच नाहीत. काही ठिकाणी यातलं एखादं खरंही असेल. पण बऱ्याच गावांत कुलपाचं खरं कारण अनुदानाच्या हिशेबात असतं, आणि हा हिशेब गावात कुणी कधी समजावून सांगितलेला नसतो. एक पान, एक पेन घेतलं तर तो दहा मिनिटांत कळतो.

आधी रक्कम बघू

राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय आणि 'इतर' अशीही विभागणी आहे. खेड्यातलं वाचनालय या 'इतर'मध्ये येतं. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-मासिकं किती येतात, रोज किती तास उघडं असतं, कर्मचारी किती, यावरून वर्ग ठरतो. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं ११ हजारांच्या वर आहेत. त्यातली बहुतेक क आणि ड वर्गातली, म्हणजे खेड्यापाड्यातलीच.

सगळ्यात खालचा वर्ग ड. २०१२ पासून या वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजार रुपये होतं. दहा वर्षं तो आकडा हलला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ६० टक्के वाढ मंजूर केली आणि ड वर्गाचं कमाल अनुदान ४८ हजारांवर गेलं. त्याच वाढीनं क वर्ग दीड लाखाच्या थोडं वर आणि ब वर्ग तीन लाखांच्या थोडं वर पोहोचला. '६० टक्के वाढ' ही बातमी वाचून गावाला वाटलं, आता वाचनालयाचे दिवस पालटले.

पण ४८ हजार हे महिन्याचे नाहीत, वर्षाचे आहेत. त्यातली निम्मी रक्कम कर्मचाऱ्याच्या वेतनावर आणि निम्मी बाकी खर्चावर, असा दंडक आहे. म्हणजे ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाला २४ हजार, महिन्याला २ हजार रुपये. महिन्यातले २६ दिवस धरले तर दिवसाला ७७ रुपये. वाढ होण्याआधी हाच माणूस महिन्याला १,२५० रुपयांत दार उघडत होता. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत किंवा कपाशी वेचायच्या हंगामात मजुरी कितीवर जाते, हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. दिवाळीच्या आगेमागे वाचनालयाला कुलूप दिसतं, त्याचं एक कारण एवढं साधं आहे. ड वर्गात बहुधा एकच माणूस असतो. तो वावरात गेला की वाचनालयही त्याच्याबरोबर वावरात जातं.

उरलेल्या २४ हजारांत काय काय बसवायचं? चार वर्तमानपत्रं घेतली आणि अंकाला ५ रुपये धरले तर वर्षाचे ७,३०० रुपये तिथंच गेले. मग मासिकं, दिवाळी अंक, खोलीचं भाडं, वीजबिल, लेखापरीक्षकाची फी, बुलढाण्याला कागद घेऊन जायचं-यायचं भाडं. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरेल त्यात नवी पुस्तकं. चारशे-पाचशे रुपयांच्या कादंबऱ्यांच्या जमान्यात वर्षाला किती पुस्तकं येतील, हे ज्यानं त्यानं मोजावं. म्हणून खेड्यातल्या कपाटांत जुनीच पुस्तकं पुन्हा पुन्हा बांधणी करून उभी असतात.

१० टक्क्यांची मेख

दुसरी गोष्ट फारच कमी गावांना माहीत असते. ४८ हजार ही कमाल मर्यादा आहे. ती आपोआप मिळत नाही. मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा वर्गाची कमाल रक्कम, यांपैकी जी कमी ती पदरात पडते. उरलेले १० टक्के संस्थेनं स्वतः उभे करायचे असतात.

याचा अर्थ उदाहरणानं बघा. एखाद्या ड वर्ग वाचनालयानं वर्षभरात ४० हजार खर्च केले, तर त्याला ३६ हजारच मिळणार. पूर्ण ४८ हजार हवे असतील तर मान्य खर्च किमान ५३,३३४ रुपये दाखवावा लागतो, आणि त्यातले ५,३३४ रुपये गावाचे असावे लागतात. पावतीसह, नोंदीसह.

साडेपाच हजार रुपये! वार्षिक पंगतीत एका वेळच्या भाजीलाही पुरत नाहीत. ५० सभासदांनी महिन्याला १० रुपये वर्गणी दिली तरी वर्षाला ६ हजार होतात. पण सभासद नोंदवहीत ५० असतात आणि वर्गणी देणारे सातआठ असतात, हे बहुतेक सचिवांचं दुखणं. मग हे १० टक्के सचिवाच्या खिशातून जातात, नाहीतर खर्चच कमी दाखवला जातो आणि हक्काचं अनुदान सोडून दिलं जातं. काही ठिकाणी तिसराही मार्ग निघतो, खोट्या पावतीचा. तो मार्ग २०१२ साली राज्यभर चांगलाच महागात पडला, ते पुढं येईलच.

शिवाय पैसे दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता हाती पडेपर्यंत आर्थिक वर्षाचे बरेच महिने उलटून गेलेले असतात, दुसरा मार्चच्या तोंडावर. मधल्या काळात पेपरवाल्याची उधारी, वीजबिलाची थकबाकी आणि ग्रंथपालाचे "देतो भाऊ पुढच्या महिन्यात" हे चालूच असतं. बँक अशा संस्थेला दारात उभी करत नाही. गावात एखादा निवृत्त गुरुजी किंवा दुकानदार असा असतो की जो दरवर्षी आठदहा हजार अडकवून ठेवायला तयार असतो. जिथं असा माणूस आहे तिथं वाचनालय चालू आहे. तो थकला की सहा महिन्यांत फरक दिसतो.

सरकारनं हा मार्ग का निवडला?

इथं थोडं मागं जावं लागतं. १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. देऊळगाव राजाची शीव ओलांडली की जालना लागतं. तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, तिथं १९५५ चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा होता. इकडं वऱ्हाडात तसा कायदाच नव्हता. इथली वाचनालयं लोकांनी वर्गणीतून, देणगीतून, कुठं टिळक पुण्यतिथीच्या निमित्तानं तर कुठं गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून उभी केलेली. सगळ्या राज्याला एकच कायदा आला तो 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७'. १ मे १९६८ पासून तो लागू झाला, आणि अनुदानाचे नियम १९७० चे.

या कायद्यानं एक मोठी निवड केली. तामिळनाडूत (तेव्हाच्या मद्रास राज्यात १९४८ पासून) आणि कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतला जातो. त्या पैशातून सरकारी यंत्रणा ग्रंथालयं चालवते. महाराष्ट्रानं उपकर लावला नाही. ग्रंथालयं लोकांच्या संस्थांनी चालवायची, सरकारनं अंदाजपत्रकातून मदत करायची, असा मार्ग ठरला. कायद्यातच वर्षाला किमान २५ लाखांच्या ग्रंथालय निधीची तरतूद केली गेली. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती.

या निवडीचे दोन्ही परिणाम आज दिसतात. फायदा असा की महाराष्ट्रात गावोगावी लोकांचं स्वतःचं वाचनालय आहे, कार्यकारिणी गावची आहे, साहेबाची बदली झाली म्हणून वाचनालय बंद पडत नाही. तोटा असा की ग्रंथालयाला हक्काचं उत्पन्न नाही. दर वर्षी अंदाजपत्रकाकडं बघायचं, आणि वाढ होईल तेव्हा होईल. ग्रंथपाल हा सरकारचा कर्मचारी नाही, संस्थेचा आहे. त्याला वेतनश्रेणी नाही. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्या, ही मागणी ग्रंथालय संघटना कित्येक वर्षांपासून करत आल्या आहेत. तोडगा निघालेला नाही, आणि संस्था खासगी असल्यामुळं सरकारलाही हात झटकायला जागा मिळते. हे सरळ बोलायला हवं.

२०१२ चं साल

त्या वर्षी महसूल खात्यामार्फत राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. तलाठी, मंडळ अधिकारी दप्तर घेऊन वाचनालयात गेले. कुठं पुस्तकं नोंदवहीपेक्षा कमी निघाली, कुठं खोलीच सापडली नाही, कुठं एकाच घरात वाचनालय आणि धान्याची पोती. ज्यांच्यात त्रुटी निघाल्या त्यांचे वर्ग खाली आले, काहींची मान्यता गेली. ती झाडाझडती गरजेची होती, यात वाद नाही.

पण त्याच वर्षापासून नवीन ग्रंथालयांना मान्यता देणं आणि जुन्यांना दर्जावाढ देणं थांबलं, आणि ते पुढं दहा वर्षं थांबलेलंच राहिलं. हा फटका प्रामाणिक चालणाऱ्यांना बसला. २०१३ साली तरुणांनी मिळून सुरू केलेलं वाचनालय कितीही चांगलं चालो, त्याला एक रुपया अनुदान नाही. ड वर्गातलं वाचनालय पुस्तकं, सभासद, तास या सगळ्यात क वर्गाच्या निकषात बसत असलं तरी ते ड मध्येच. या दशकात जिल्ह्यातल्या गावोगावी पोलीस भरती, तलाठी भरती, स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासाला जागा शोधत होती. त्यांच्यासाठी अभ्यासिका उघडल्या गेल्या त्या लोकवर्गणीतून, नाहीतर आमदार निधीतून बांधलेल्या खोल्यांत. खोली मिळाली, ती उघडणाऱ्या माणसाचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न तिथंही तसाच राहिला.

मेलेला अध्यक्ष आणि अडलेला हप्ता

पैशांपेक्षाही जास्त वाचनालयं कागदानं अडतात. संस्था चालवणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

अनुदान घेणारी संस्था ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडं नोंदलेली असते. गावच्या चारदोन लोकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी ती नोंदलेली. दर काही वर्षांनी नवीन कार्यकारिणी निवडली जाते, ठराव वहीत लिहिला जातो, पेढे वाटले जातात. पण निवड झाल्यापासून ९० दिवसांत न्यास नोंदणी कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहून जातो. परिणामी कागदावर अध्यक्ष म्हणून जे गृहस्थ आहेत ते वारून बारा वर्षं झालेली असतात, सचिव पुण्याला पोराकडं राहायला गेलेले असतात, आणि प्रत्यक्षात वाचनालय चालवणाऱ्या पाच जणांचं नाव कुठंच नसतं.

जोवर सगळं गोडीत आहे तोवर हे चालतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन गट पडले, की एका गटाचा माणूस तक्रार करतो, "ही कार्यकारिणीच बेकायदेशीर आहे." तक्रारीत तथ्य असतं. बँकेतल्या सह्या बदलता येत नाहीत, आलेला हप्ता काढता येत नाही, आणि वाद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन पडतो. तारखा पडत राहतात. इकडं पुस्तकांना वाळवी लागते. वाचनालय बंद पाडायला भ्रष्टाचारच लागतो असं नाही, एक न दिलेला बदल अर्ज पुरतो.

लेखापरीक्षणाचंही तसंच. वर्ष संपलं की हिशेब तपासून घ्यायचा, वार्षिक अहवाल मुदतीत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं द्यायचा. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, रोजकीर्द, पावतीपुस्तकं ही पाच दप्तरं चोख असली की तपासणीला घाम फुटत नाही. नवीन कार्यकारिणीनं पहिल्या आठवड्यात हीच पाच दप्तरं मागवावीत.

पुस्तकं कोणती? जिल्ह्याची की बाहेरची?

पुस्तकांसाठी आणखी एक दार आहे. राजा राममोहन रॉय यांच्या द्विजन्मशताब्दीच्या निमित्तानं १९७२ साली केंद्र सरकारनं कोलकात्याला त्यांच्या नावाचं ग्रंथालय प्रतिष्ठान काढलं. या प्रतिष्ठानच्या मदतीचे दोन प्रकार. समान निधीत केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा पडतो आणि त्यातून गावच्या वाचनालयाला पुस्तकं मिळतात. असमान निधीत वाचनालयाची इमारत, कपाटं-टेबलं, बालविभाग, सुवर्ण किंवा शतक महोत्सव अशा गोष्टींसाठी प्रस्ताव करता येतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय कार्यालयामार्फत जातो. यात संस्थेचा वाटा, जागेचा उतारा, बांधकामाचा अंदाज असे कागद लागतात, म्हणून खेड्यातली वाचनालयं त्या वाटेला फारशी जात नाहीत. जायला हवं. ५० किंवा १०० वर्षं पूर्ण होणाऱ्या वाचनालयांनी तर आधीच.

मात्र वरून आलेल्या खोक्यात काय येईल हे गावाच्या हातात नसतं. एखाद्या कपाटात व्यक्तिमत्त्व विकासाची सतरा पुस्तकं असतात आणि आपल्या जिल्ह्याचं एक नसतं. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि पुढं विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं जिल्ह्याला आपल्याच लेकीचं पुस्तक माहीत नव्हतं. ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत कविता लिहीत राहिले. 'खूणगाठी' या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जिल्ह्याचं गॅझेटिअर १९१० साली निघालं, त्याची नवी आवृत्ती १९७६ ला. ही तीन-चार पुस्तकं जिल्ह्यातल्या किती वाचनालयांत सापडतील? स्वतःच्या वाट्याच्या खरेदीतून दरवर्षी एकदोन हजार जिल्ह्याच्या पुस्तकांसाठी राखून ठेवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

इतिहासाचं कामही याच खोलीत होऊ शकतं, आणि त्याला मोठं अनुदान लागत नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी दर अक्षय तृतीयेला टीव्हीवर दिसते. पण गावागावांतल्या यात्रा, बारागाड्या, सोंगं, दुष्काळाच्या आठवणी, पोथ्या सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत. एक वही, एक मोबाइल आणि आठवड्याचे दोन तास, एवढ्यात बरंच टिपून ठेवता येतं.

कलावंताचं मानधन आणि वाचनालयाची फाइल

हे टिपण्याचा उपयोग कुठं होतो, ते बघा. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. पूर्वी त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे वेगवेगळे दर होते. २०२४ पासून 'राजर्षी शाहू महाराज' यांच्या नावानं ही योजना चालते आणि सगळ्यांना सरसकट महिन्याला ५ हजार रुपये मिळतात. वय ५० च्या पुढं, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कलेत दीर्घ काळ काम, या मुख्य अटी. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते.

आपल्याकडचे भारूडवाले, गोंधळी, शाहीर, कीर्तनकार, भजनातले मृदंगवाले यात बसतात. अडचण येते ती पुराव्याची. तीस वर्षं रात्र रात्र जागून गायलेल्या माणसाकडं कागद कुठला असणार? कार्यक्रमाची पत्रिका हाताला आलीच तर चुलीत गेलेली. वर्तमानपत्रातली बातमी कुणी कापून ठेवलेली नाही. मग निवड त्याची होते ज्याला फाइल करता येते. गावच्या वाचनालयानं जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, जत्रेच्या पत्रिका, कार्यक्रमांचे फोटो वर्षवार लावून ठेवले, तर तोच पुरावा होतो. कपाटाचा एक कप्पा एखाद्या म्हाताऱ्या शाहिराला वर्षाचे ६० हजार मिळवून देऊ शकतो. ड वर्गाच्या आख्ख्या अनुदानापेक्षा ही रक्कम मोठी आहे!

भजनी मंडळांसाठीही २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यातल्या १,८०० मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान जाहीर झालं. टाळ, मृदंग, पेटी घेण्यासाठी. अर्ज ऑनलाइन आणि मुदत दोन आठवड्यांची. शेगावच्या पालखीबरोबर चालणारी कितीतरी मंडळं या जिल्ह्यात आहेत, पण मुदतीत बातमी कळणं आणि अर्ज भरणं हे ज्यांच्याकडं इंटरनेट आणि एखादा भरणारा पोरगा होता त्यांनाच जमलं. नवीन लिहिणाऱ्यांसाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिलं पुस्तक छापायला. तिचीही गत तीच: जाहिरात येते, मुदत जाते, आणि कवी स्वतःच्या पैशानं पुस्तक छापून नातेवाइकांना वाटतो. पेपर येणारी, फलक असलेली आणि संध्याकाळी चार माणसं बसणारी जागा गावात एकच असते. या सूचना तिथं लागल्या पाहिजेत.

साक्षरतेला मात्र मानधन नाही

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८३.४ टक्के होती, आणि पुरुष व महिलांच्या प्रमाणात जवळपास १५ टक्क्यांचं अंतर होतं. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पाच वर्षांसाठी एकूण तरतूद १,०३७.९० कोटी, पण शिकवणारे सगळे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. महाराष्ट्रात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. नातवाचं बोट धरून परीक्षेला आलेल्या आज्यांचे फोटो तेव्हा सगळीकडं फिरले.

चाचणीनंतर काय, हे कुणी विचारलं नाही. साठाव्या वर्षी अक्षरं जुळवायला शिकलेल्या बाईला वाचायला मोठ्या टाइपातलं, सोपं काही मिळालं नाही तर वर्षभरात ती पुन्हा अंगठ्यावर येते. बाईमाणूस पारालगतच्या वाचनालयात पाऊल टाकत नाही, हेही खरं. काही गावांत यावर उपाय म्हणून ग्रंथपालच पिशवीत दहा पुस्तकं घालून बचत गटाच्या बैठकीला जातात. त्या चालण्याचे पैसे ७७ रुपयांतच.

गावाला काय करता येईल?

ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणं खर्च करता येत होता. या अबंधित रकमेतून पगार देता येत नाही, पण गावानं विकास आराखड्यात घेतलं तर दुरुस्ती, कपाटं, दिवे, पंखे अशी कामं बसवता येतात. हा खर्च ग्रामपंचायतीनं उचलला की वाचनालयाचे स्वतःचे पैसे माणसासाठी आणि पुस्तकांसाठी मोकळे होतात. त्यासाठी विषय आराखड्याच्या ग्रामसभेत यावा लागतो. नंतर सरपंचाच्या घरी जाऊन उपयोग नसतो.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. त्यात वाचनालयाच्या कार्यकारिणीला चार गोष्टी विचारता येतात : वर्ग कोणता आहे, गेल्या वर्षी कमाल रकमेपैकी किती अनुदान मिळालं, शेवटचं लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचं आहे, आणि शेवटचा बदल अर्ज मंजूर झाला का. ज्यांना उत्तरं तपासून बघायची आहेत किंवा सध्याचे दर आणि मान्यतेची ताजी स्थिती हवी आहे, त्यांच्यासाठी बुलढाण्याचं जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय आहे. तेराही तालुक्यांतल्या शासनमान्य ग्रंथालयांची यादी तिथं असते.